अठ्ठ्याऐंशी व्होल्टची थाप

हॅमर मशीन घ्यायला माया मला बरोबर घेऊन कॅम्प दोनच्या बाजारात गेली, ही तिची चूक. बाकीच्या सगळ्या माझ्या.

माया माझ्या जुन्या मित्राची मुलगी. मित्र कालकथित होऊन सहा वर्षं झाली, पण तिने मला काका म्हणायचं सोडलं नाही. सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगांमध्ये ती रेलिंग, रॅक, किचनच्या ट्रॉल्या बसवते. हात इतका सरळ की तिने भिंतीला पाडलेल्या एका भोकातून मी विठ्ठलवाडी डेपोच्या घड्याळात किती वाजले ते बघितलं आहे. त्या महिन्यात तिने सगळ्यात मोठं काम अंगावर घेतलं होतं. सोनिवलीमागच्या टेकडीवर नवं विहार उभं राहिलं होतं आणि तिथली उभी बुद्धमूर्ती चौथऱ्यावर बोल्टने पक्की करायची होती. विहाराला अजून मीटर लागला नव्हता, म्हणून बॅटरीवरचं हॅमर हवं होतं, दगडात भोक पाडणारं.

मायाकडे लाल कंपनीचं ड्रिल आणि त्याच्या तीन बॅटऱ्या होत्या. लाल कंपनीचं हॅमर त्या दिवशी बाजारात कुठेच मिळेना. हिरव्या कंपनीचं मिळत होतं, तेही नुसती बॉडी, बॅटरीशिवाय.

"लाल की बॅटरी हरे में नहीं लगती, मॅडम," दुकानदार म्हणाला. "खाचा अलग."

तिथे मी तोंड घातलं. "खाचेचं काय घेऊन बसलास? अंबरनाथच्या कारखान्यात मी रशियन इंजिनाला जपानी गिअर बसवला होता. जेवणाच्या सुट्टीत."

(गिअर नव्हता, पंख्याचं पातं होतं. बसलंही नव्हतं.)

"काका, खरंच होईल?" मायाने विचारलं.

"मी जोडपट्टी करून देतो. एका अंगाला लाल बॅटरी, दुसऱ्या अंगाला हिरवं मशीन. तू घे."

तिने घेतलं.

जोडपट्टी मी केली हे मात्र खरं. कॅम्प दोनमध्येच लधारामचं बॅटरी रिपेरिंगचं टेबल आहे. रिटायर झाल्यापासून माझी दुपार तिथे जाते. जुन्या खराब बॅटरीचं तोंड कापलं, मोडक्या मशीनचा तळ कापला, मध्ये दोन जाड वायरी घातल्या आणि ती वस्तू तयार झाली. लधारामने ती उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "साईं, चलेगी. पण एक सांगतो. कंपनीची बॅटरी आणि कंपनीचं मशीन आपसात बोलतात. बॅटरी संपत आली की मशीनला सांगते, बस कर. तुझ्या पट्टीतून करंट जाईल, बोलणं जाणार नाही. मशीन ओढत राहील आणि बॅटरी मरेल, मग चार्जरपण घेणार नाही तिला. म्हणून कान ठेवायचा. आवाज पडला की बटण सोड."

मी जोडपट्टी मायाला दिली तेव्हा तिने विचारलं, "आणखी काही लक्षात ठेवायचं का?"

"काही नाही," मी म्हणालो. "ही लावली की लाल बॅटरी हिरव्या घरात सून म्हणून नांदते."

लधारामचं सांगणं मी का गिळलं? इतकी झकास वस्तू केली होती, तिला खोट असते हे बोलवेना. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मी ते सजवून सांगितलं असतं.

मूर्ती बसवायच्या आदल्या दिवशी मायाने त्याच हॅमरने विहाराच्या पायऱ्यांना रेलिंग ठोकलं. दोन बॅटऱ्या त्यात रिकाम्या झाल्या. सकाळी मला म्हणाली, "काका, दोन्ही बॅटऱ्या चार्जरला लावल्या की लाल दिवा नुसता लुकलुकतो. चार्जर बिघडला वाटतं."

लधाराम काय म्हणाला होता ते मला आठवलं. "बिघडला असेल," मी म्हणालो. "एक भरलेली आहे ना? चार भोकं तर पाडायची."

मूर्ती अकरा फुटांची, धातूची, उजवा हात अभयमुद्रेत वर. वजन अर्धा टन. तिच्या पायाशी चार कोपऱ्यांना चार भोकं, त्या भोकांतूनच खालच्या दगडात हॅमर मारायचं, मग बोल्ट ठोकून नट आवळायचे. पुढून मोकळी जागा होती. मागे मूर्ती आणि जाळीची भिंत यांच्यात दीड हाताची फट. भिंत चार इंची, पलीकडे सरळ उतार.

हायड्रा क्रेन सुयोग नावाचा वांगणीकडचा पोरगेलासा माणूस चालवत होता. त्याने मूर्ती अलगद चौथऱ्यावर टेकवली, पट्टा ताणून धरला. मायाचा नवरा राजेंद्र आणि बाकीची माणसं भंतेंना आणायला बदलापूर स्टेशनला गेली होती. चार वाजता कार्यक्रम. टेकडीवर आम्ही तिघं, मायाची आई द्रौपदीबाई आणि तिच्या महिला मंडळाच्या सात-आठ बायका. द्रौपदीबाईंनी या मूर्तीसाठी नऊ वर्षं घरोघर हिंडून चपलांचे दोन जोड झिजवले. मी सांगताना बावीस जोड सांगतो.

माया पुढच्या डाव्या कोपऱ्याला बसली. पहिलं भोक झालं, बोल्ट गेला, नट आवळला. मग ती मागच्या फटीत शिरली. दुसरं भोक अर्ध्यावर आलं आणि हॅमरचा आवाज पडला. लधाराम म्हणाला होता तसाच, जसा एखादा गवई सुरातून घसरावा. मी बटण सोड म्हणून ओरडायला हवं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. हॅमर आणखी दहा-बारा सेकंद कण्हत राहिलं आणि थांबलं.

"गेली," फटीतून मायाचा आवाज आला.

त्याच वेळी सुयोग म्हणाला, "ताई, बाहेर या."

"का?"

"बाहेर या आधी."

हायड्राच्या होजपाईपमधून तेल ठिबकत होतं. सुयोगने त्यावर रबराची ट्यूब गुंडाळली, तार आवळली. ठिबकणं कमी झालं, थांबलं नाही. क्रेनचा लांब हात, म्हणजे बूम, तोलणाऱ्या दांड्यावर त्याने खडूने रेघ मारली. आम्ही सगळे त्या रेघेकडे बघत राहिलो. पाच मिनिटांत रेघ बोटभर खाली सरकली.

"बूम बसतेय," सुयोग म्हणाला. "बूम बसली की पट्टा सैल. पट्टा सैल की मूर्तीला एका नटाशिवाय कायच धरून नाय."

"मग उचल आणि खाली ठेव," मी म्हणालो.

"उचलायला लिव्हर मारला तर होज तिथल्या तिथे फुटेल, काका. आता फक्त धरून ठेवायचं. किती वेळ, ते मला नका विचारू."

टेकडीवर वारा होता. असा की त्या दिवशी एक कावळा अर्धा तास पंख मारत आमच्या डोक्यावर जागच्या जागी होता. वाऱ्याचा झोत आला की मूर्ती त्या एका बोल्टाभोवती केसभर फिरायची आणि खाली दगड करकरायचा. तो आवाज मात्र मी वाढवून सांगत नाही. तो वाढवायची गरज नाही.

द्रौपदीबाईंनी क्षणभर वेळ दवडला नाही. मंडपाचे नायलॉनचे दोर आणवले, मूर्तीच्या छातीभोवती फिरवले आणि बायकांना दोन बाजूंना पायऱ्यांवर उभं केलं. "मागे झुकायला लागली तर ओढायचं. पदर खोचा गं. मैत्रेयी, तो मोबाईल ठेव, रेंज नाही इथे, कोणाला दाखवतेस?"

रेंज खरंच नव्हती. एक बाई जनरेटर आणि वायरवालं मशीन आणायला खाली धावत गेली होती. यायला तास लागणार होता. सुयोगची रेघ तासभर थांबणार नव्हती.

माया जोडपट्टी हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "काका, बॅटरीत अजून जीव होता. चार भोकं आरामात व्हायला हवी होती. काल दोन मेल्या, आज तिसरी. चार्जर नाही बिघडला. काय आहे हे?"

मी सांगितलं. लधारामचं बोलणं जसंच्या तसं.

तिने ते ऐकून घेतलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "तुम्हाला ठाऊक होतं," ती एवढंच म्हणाली.

तेवढ्यात विहाराच्या मागून बारकू वर आला. बारवीकडच्या पाड्यावरचा हा माणूस सकाळपासून आवारातलं गवत कापत होता. खांद्यावर बॅटरीचं गवत कापायचं मशीन. नारिंगी आणि काळी बॅटरी, वर तळहाताएवढा आकडा: ८८.

मी त्या बॅटरीकडे पाहिलं, मायाने पाहिलं, मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"नाही," माया म्हणाली.

"माया, ऐक."

"हॅमर अठराचं आहे, काका. ही अठ्ठ्याऐंशी व्होल्टची."

"ती अठ्ठ्याऐंशीची नाही. असले डबे लधारामच्या टेबलावर मी उघडताना पाहिलेत. आत लहान सेल, पाचाची एक रांग, तिला जोडून पाचाची दुसरी. तुझ्या लाल बॅटरीतही तेवढंच असतं. अठ्ठ्याऐंशी हा नुसता स्टिकर आहे. आकडा मोठा दिसला की गिऱ्हाईक भुलतं."

"बारकूदादा, कितीची आहे ही?" मायाने विचारलं.

"मला काय म्हाईत, ताई? दुकानवाला बोलला लय जोर हाय. लिवलंय ना वर."

"चार्जरवर बारीक अक्षरात खरा आकडा असतो," मी म्हणालो. "चार्जर कुठाय?"

"पाड्यावर. बायको तानीपाशी. जाऊन येयाला दोन तास."

"उघडून बघू," माया म्हणाली. तिने डबा पालथा केला. स्क्रू चांदणीच्या डोक्याचे, मध्ये खिळा. त्याचं बिट तिच्या पेटीत नव्हतं.

"सुयोग, हेडलाईटचा बल्ब दे," मी म्हणालो. "लावून बघतो."

सुयोगने रेघेवरची नजर न हलवता उत्तर दिलं. "माझा बल्ब बाराचा आहे. अठराला पण उडणार, अठ्ठ्याऐंशीला पण उडणार. काय कळणार त्यातून? आणि काका, जे करायचं ते लवकर. दोन बोटं झाली."

वारा आला. दगड करकरला. बायकांनी दोर ओढून धरले आणि एकीच्या तोंडून हुंदका निघाला.

माया माझ्या अगदी जवळ आली. आवाज बारीक होता. "त्या फटीत मी असणार. बॅटरी माझ्या तोंडापासून हातभर. अठ्ठ्याऐंशी निघाली तर फुटेल, नाहीतर हॅमर पेटेल. मला बाहेर पण पडता येणार नाही. कोणाच्या शब्दावर मी आत जाऊ, काका? तुमच्या?"

पन्नास वर्षं मी विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत थापा मारत आलो. लोक हसायचे, चहा पाजायचे. त्या टेकडीवर मला एक खरी गोष्ट ठाऊक होती आणि ती घ्यायला कोणी हात पुढे करत नव्हतं. अठ्ठ्याऐंशी हा आकडा थाप आहे हे मला वासावरून कळत होतं. मीच छापला असता तर अठ्ठ्याऐंशीच छापला असता. शंभर छापला तर लोकांना शंका येते.

"द्रौपदीबाई," मी म्हणालो.

त्या दोर धरून पायरीवर उभ्या होत्या. "बोला भावजी. हात सोडता येत नाही, कान मोकळे आहेत."

"मी छप्पन साली नागपूरला नव्हतो."

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या वस्तीत दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पहिल्या रांगेत माझी खुर्ची असते. पाच वर्षांचा असताना बापाच्या खांद्यावर बसून मी दीक्षाभूमीवरचा तो लाखोंचा समुदाय पाहिला, ही माझी गोष्ट. तीस वर्षं मी ती सांगतो. पोरं माझ्या पाया पडतात. ही एकच गोष्ट अशी की ती ऐकताना कोणी हसत नाही.

"काय म्हणालात?"

"बाप गेला होता. मला गोवर आला होता. मी कल्याणला आजीच्या मांडीवर होतो, डोळ्यांत कडुलिंबाचं पाणी. बाप परत आला आणि दोन वर्षांत गेला. त्याने मला काय सांगितलं तेही मला धड आठवत नाही. बाकीचं सगळं मी जमवलं. ह्याच्याकडून ऐकलं, त्याच्याकडून ऐकलं."

दोरांवरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मैत्रेयीचं तोंड उघडं राहिलं होतं.

द्रौपदीबाई हळू बोलल्या, पण त्या वाऱ्यातही मला प्रत्येक शब्द ऐकू आला. "आमचे हे शेवटच्या आजारात होते. तुम्हाला बोलावून घेतलं होतं. नागपूरचं सांगा म्हणाले. तुम्ही उशाशी बसून दोन तास सांगितलंत."

"हो."

"ते ऐकत ऐकत झोपले होते."

"हो, बाई."

त्या माझ्याकडे बघेनात. समोर मूर्तीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, हा दोर सोडून त्या आता माझ्या कानाखाली देतील आणि मूर्ती पडली तरी त्यांना कोणी दोष देणार नाही.

माया म्हणाली, "आई, इतका मोठा मान कोणी बॅटरीच्या थापेसाठी फेकून देत नाही."

द्रौपदीबाईंनी श्वास सोडला. "जोड," त्या म्हणाल्या. "आणि भावजी, तुम्हीपण आत जा. तिच्याबरोबर."

"जातोच आहे."

बारकूने बॅटरी काढून दिली. मायाने जोडपट्टीचं लाल तोंड पक्कडीने उपटलं, दोन वायरी मोकळ्या केल्या, टोकांना पितळी पट्ट्या चेपल्या. बॅटरीवर अधिक-उणेच्या खुणा प्लास्टिकमध्येच कोरलेल्या होत्या, आणि साच्यात कोरलेलं सहसा खोटं नसतं. पट्ट्या खाचेत शिरल्या पण ढिल्या. त्या हाताने दाबून धरायला माणूस हवा होता. तो मी.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी त्या फटीत आडवा शिरलो. पाठीला जाळीची भिंत, नाकासमोर धातूचं चीवर, मांडीवर अठ्ठ्याऐंशी. माया माझ्या गुडघ्यांशी वाकून बसली, बिट अर्ध्या भोकात ठेवलं.

"तोंड वळवा, काका."

"नाही वळवत. तू वळव."

तिने बटण दाबलं.

वायरीच्या टोकाशी निळी ठिणगी उडाली आणि माझ्या अंगठ्याला चटका बसला. हॅमर एकदा गचकलं. मग फिरलं. मग ठोकायला लागलं, नेहमीच्या आवाजात, जसं अठराच्या बॅटरीवर ठोकावं तसं. मायाने मान वर केली नाही. तिच्या खांद्यातला ताठपणा मात्र गेला, ते माझ्या गुडघ्याला कळलं.

दुसरं भोक झालं. बोल्ट, हातोडीचे चार ठोके, नट, पाना.

"तीन बोटं!" बाहेरून सुयोग.

माया बसल्या बसल्या दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकली, मी तिच्यामागे खेकड्यासारखा. पट्ट्या पुन्हा दाबल्या. बॅटरीवर चार दिवे होते, चारही लखलखीत. सकाळभर गवत कापून आलेल्या बॅटरीचे चारही दिवे? तेही थापेबाजच. मी दिव्यांकडे बघायचं सोडलं आणि डोळे मिटून कान लावला.

तिसरं भोक एक इंच, दोन इंच, तीन. वायर गरम झाली. पट्टा वर सैल होऊन मूर्तीच्या खांद्यावर घासत होता. वारा आला आणि मूर्ती आमच्या बाजूला झुकली. खरंच झुकली, माझं कपाळ तिला टेकलं. बाहेर द्रौपदीबाई ओरडल्या, "ओढा!" आणि आठ बायकांनी अर्धा टन परत जागेवर ओढून घेतला.

"एक इंच राहिला," माया दातांतून म्हणाली.

आवाज पडला.

"सोड!" मी ओरडलो. "बटण सोड!"

"एकच इंच आहे, काका!"

"सोड म्हणतो ना! आता ओढलंस तर ही पण मरेल. अर्धा मिनिट दम घेऊ दे तिला. सेल विसावले की थोडं परत देतात. लधाराम सांगतो. मीही सांगतोय, या वेळी सगळं सांगतोय."

तिने बटण सोडलं.

अर्धा मिनिट म्हणजे किती ते मला त्या दिवशी कळलं. मी आकडे मोजायला लागलो. सात, आठ. बाहेर दोर ताणले गेले. अकरा. दगड करकरला. पंधरा. सुयोग म्हणाला, "ताई, पट्टा गेल्यात जमा आहे." एकोणीस. मायाच्या कपाळावरून घाम बिटावर पडला आणि चर्र झालं. चोवीस. माझ्या पायाला गोळा आला, मी ओठ चावला. तीस.

"आता. दाबून नको, थांबून थांबून."

हॅमर चाललं. तीन ठोके, थांब. तीन ठोके, थांब. बिट खाली गेलं. मायाने हॅमर फेकलं, बोल्ट भोकात ठेवला, हातोडी हाणली. नट बोटाने फिरवला, पाना लावला, दोन्ही पाय भिंतीला लावून ओढला. एकदा. आणखी एकदा.

बाहेर फट् असा आवाज झाला आणि हायड्राच्या बाजूने तेलाची चिळकांडी उडाली. बूम हातभर खाली आली. पट्टा मूर्तीच्या खांद्यावरून सुटून आमच्या डोक्यावर पडला.

मूर्ती हलली नाही.

आम्ही दोघं त्या पट्ट्याखाली तसेच बसून राहिलो. नंतर माया बाहेर गेली. मला बाहेर काढायला दोन बायका लागल्या. मी चार सांगतो.

जनरेटर आला आणि चौथा बोल्ट वायरच्या मशीनने बसला. सुयोगने तोंड, हात, शर्ट सगळं तेलाने माखलेलं घेऊन मूर्तीसमोर हात जोडले. बारकूने बॅटरी मागून घेतली, वास घेतला आणि म्हणाला, "जळली नाय ना? उद्या पाड्यावर गवत हाय."

द्रौपदीबाई माझ्याकडे आल्या. हातांना दोराचे वळ उठले होते. "भावजी, संध्याकाळी राजेंद्र माईकवरून तुमचं नाव घेईल. तुम्ही उभं राहून खरं सांगायचं. नाहीतर मी सांगेन."

"मी सांगतो."

चार वाजता टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वंदना झाली. मग राजेंद्रने पुकारलं, "छप्पन सालच्या सोहळ्याचे साक्षीदार, आपले बबनकाका!" टाळ्या पडल्या. मी उठलो, माईक धरला, अंगठ्याला पट्टी बांधलेली. सांगितलं. गोवर, आजी, कडुलिंबाचं पाणी, एकही शब्द न वाढवता.

मग कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळी टेकडी हसायला लागली. "काका, आज उलटी थाप का?" राजेंद्र डोळे पुसत म्हणाला. मी म्हणत राहिलो, अरे खरं सांगतोय, तितकं ते जास्त हसत राहिले. द्रौपदीबाई आणि माया, दोघीच तेवढ्या हसत नव्हत्या.

द्रौपदीबाई माईक घ्यायला पुढे झाल्या, तोवर अंबरनाथच्या बनूबाई काठी टेकत उठल्या. वय नव्वदीला लागलेलं. त्या खरोखर नागपूरला गेल्या होत्या, कडेवर पोर घेऊन.

"बबन, मेल्या, म्हातारपणी खोटं बोलतोस?" त्यांनी काठी माझ्यावर रोखली. "मी पाहिलंय ना तुला. बापाच्या खांद्यावर होतास. माझ्या पोराच्या हातातला चुरमुऱ्याचा पुडा ओढलास तू."

तीस वर्षं ही बाई पहिल्या रांगेत बसून माझी गोष्ट ऐकत आली होती. मी द्रौपदीबाईंकडे बघितलं, मान हलवली: मी नव्हतो. त्यांना ते कळलं. पण नव्वद वर्षांच्या बाईला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, ते त्यांनाही कळेना. शेवटी त्यांनी माझी खुर्ची उचलली, बनूबाईंच्या शेजारी नेऊन आपटली आणि म्हणाल्या, "बसा इथे. आता यांना तुम्हीच समजवा. पटेपर्यंत उठायचं नाही."

मी बसलो. "बनूबाई, माझी आजी सांगायची ना, मी घरी होतो."

"तुझ्या आजीला काय ठाऊक? ती कुठे आली होती?" बनूबाई म्हणाल्या. "तुझा बाप उंच. मानेवर जुनी जखम होती. पांढरा सदरा, कोपरावर ठिगळ, ते निळ्या दोऱ्याने शिवलेलं. तहान लागली म्हणून आमच्या तांब्यातून पाणी प्यायला."

बापाच्या मानेवर जखम होती. ती मी कुठल्याच गोष्टीत कधी घातली नव्हती. मला ती आठवतही नव्हती, बनूबाई बोलल्या तेव्हा आठवली. खांद्यावर कोणाचं पोर होतं, कोणास ठाऊक. बाप मात्र तोच होता.

द्रौपदीबाई कमरेवर हात ठेवून समोरच उभ्या होत्या, समजावणं कुठवर आलंय ते बघत.

मी खुर्ची बनूबाईंच्या आणखी जवळ ओढली. "पाणी प्यायला," मी म्हणालो. "मग काय म्हणाला?"